घडी

तांपेरेच्या इस्पितळाखाली, तळघरात,
जिथे खिडकी म्हणजे छताजवळची बोटभर फट
आणि तिच्यातून दिसतात फक्त बूट आणि बर्फ,
तिथे फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
यालमारी आला.
अंगात परीटघडीचा शर्ट, बगलेत पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा.
म्हणाला, रोज पाळी संपताना
तीन चांगल्या गोष्टी लिहा. फक्त तीन.
डबा इथे ठेवतो.
डबा बिस्किटांचा होता. रिकामा.
हे इर्यानं लगेच पाहून घेतलं.

हिल्का एकतीस वर्षं चादरींत आहे.
कापड हातात आलं की सांगते
कोणत्या वॉर्डातलं, रात्र कशी गेली.
तिला विचारलं, एक ते दहामध्ये किती समाधानी?
ती म्हणाली, किती वाजताचं सांगू?
यालमारीनं कागद उलटून पाहिला.
वेळेचा रकाना नव्हता.

पहिल्या आठवड्यात आल्या त्या अशा:
रोलर अडकला नाही.
कॉफी गरम होती.
तिसरं उद्या लिहीन.
एकीनं नुसतंच लिहिलं, शुक्रवार.

हिबाकनं लिहिलं,
चादरीत कवळी सापडली.
तिसऱ्या मजल्यावर धावत नेऊन दिली.
म्हातारा आधी हसला, मग दात घातले,
मग पुन्हा हसला.
ह्या दोन गोष्टी धरायच्या की एक?

यालमारी ती चिठ्ठी धरून बराच वेळ उभा.
त्याच्या तक्त्यात गुणांची नावं होती चोवीस:
कुतूहल, चिकाटी, कृतज्ञता, वगैरे.
कुणाचे तरी दात मुठीत घेऊन जिना चढण्याला
त्यात नाव सापडेना.

आणि तिसऱ्या आठवड्यात,
कुणी कुणाला सांगितलं कळलं नाही,
अकरा चिठ्ठ्यांवर एकच ओळ निघाली,
अकरा हस्ताक्षरांत:
पंखा दुरुस्त होईल तेव्हा चांगलं वाटेल.

दोन हिवाळे बंद होता तो पंखा.
बाहेर उणे वीस, आत वाफ,
आणि घाम पाठीवरून असा उतरे
जणू त्यालाही घरी जायची घाई.
व्यवस्थापक सोयले चिठ्ठ्या वाचून म्हणाल्या,
हे भविष्यकाळात आहे.
आपलं तर झालेलं लिहायचं ठरलं होतं.
यालमारी पहिल्यांदाच कागदात न बघता बोलला,
मग होऊ द्या ना. लिहितील.

गुरुवारी आर्वो शिडी घेऊन आला.
पंखा खोकला, थांबला, फिरला.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
हिल्कानं मानेवरचा रुमाल सोडला, एवढंच.
त्या दिवशी डब्यात एकही चिठ्ठी पडली नाही.
विसरले सगळे.

मोठ्या चादरी आता यंत्रच दुमडतं.
पण लहान मुलांच्या वॉर्डातल्या, फाटून शिवलेल्या,
त्या अजून हातानं, दोघींनी.
हिल्का एका टोकाला, हिबाक दुसऱ्या.
काठ ताणायचे, झटकायचे,
मग चालत यायचं एकमेकींकडे,
कोपऱ्याला कोपरा, बोटांना बोटं,
क्षणभर चार हात एकाच कापडात,
मग एक सोडते, एक धरते.
पुन्हा मागे. पुन्हा पुढे.
चुकली तर मोडायची, पुन्हा घालायची,
घडीला घडीभरच लागतं.

शेवटच्या दिवशी यालमारी दारात उभा होता,
डबा न्यायला आलेला. शर्ट चुरगळलेला.
विचारलं त्यानं, हे लिहिलंत कधी?
काय?
हे.
हिल्का म्हणाली, अरे, हे तर काम आहे,
आणि त्याच्या हातात दुसरं टोक दिलं.
त्यानं ते उलटं धरलं.

डबा तिथेच राहिला.
आता त्यात बटणं असतात, एखादी अंगठी,
कुणाचं तरी कानातलं यंत्र, बारीक शिट्टी घालणारं,
मालक सापडेपर्यंत.
हिबाक मधूनच झाकण उघडून
ऐकत राहते.